डेमी आणि अम्मीचा दुसरा आवाज

आमच्या अम्मीला दोन आवाज होते. एक बाहेरच्या जगासाठी आणि एक घरासाठी. बाहेरचा आवाज इतका हळू की शारजाच्या रोल्ला भागातल्या कापडाच्या दुकानात ती अस्तर मागायची तेव्हा दुकानदार काउंटरवरून पुढे वाकायचा, आणि शेवटी तिचं म्हणणं मलाच मोठ्याने सांगावं लागायचं. घरातला आवाज दारं-खिडक्या बंद असल्या की निघायचा. तो स्वयंपाकघरातून निघून, एसीच्या घरघरीवर मात करून, मागच्या खोलीत पांघरुणात शिरलेल्या माझ्या कानापर्यंत सहज पोचायचा. अब्बा म्हणायचे, तुमच्या अम्मीचा आवाज शारजात फक्त आपल्या चौघांना माहीत आहे, बाकी मुलूख तिला मुकी समजतो. अम्मी त्यावर काही बोलायची नाही, पण बोलायची नाही ती घरातल्या आवाजात, म्हणजे भांडी आपटून.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. अब्बा दुबईत रास अल खोरला फळांच्या गोदामात स्टोअरकीपर होते. दुबईतली भाडी आम्हाला झेपण्यासारखी नव्हती, म्हणून राहायचं शारजात आणि रोज जॅममध्ये बसून कामावर जायचं, हा शिरस्ता. त्या जॅमबद्दल ते कधी चिडले नाहीत. खिशात भाजलेले शेंगदाणे ठेवायचे आणि घरी आले की आज पुलापर्यंत किती दाणे संपले ते सांगायचे. येताना गोदामातला डागी माल आणायचे: एका बाजूने दबलेली पपई, फुटलेलं डाळिंब, जास्त पिकलेले पेरू. आमचं बालपण त्या डागी फळांवर गेलं. अजूनही मला एकाही डागाशिवाय असलेला पेरू घ्यायला नको वाटतो, त्याला काही चव असेल असं वाटत नाही. शुक्रवारी सकाळी सांदणं आणि मटणाचा रस्सा, आणि त्याच्या वासाने आधी इम्रान, मग मी, अशा क्रमाने उठणं. इम्रान माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. त्याला मराठीत काहीही विचारा, तो उत्तर इंग्रजीत द्यायचा, आणि अम्मीला त्यातलं निम्मं कळायचं नाही. उरलेलं निम्मं कळत असूनही ती कळल्याचं दाखवायची नाही.

शेजारच्या फ्लॅटमध्ये सिस्टर सावित्री राहायच्या. हॉस्पिटलात नर्स होत्या, एकट्या. नाव सावित्री, चेहरा अगदी आपल्याकडचा, वेणी घातलेली, आणि तोंड उघडलं की हेल काढलेलं इंग्रजी. त्यांचं गाव गयानात, म्हणजे पार दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाला. त्यांच्या पणज्याला उसाच्या मळ्यांवर कामाला नेलं होतं, मग सगळे तिथलेच झाले. हे अम्मीला समजावून सांगता सांगता माझी दमछाक झाली. एवढ्या लांब गेलेल्या माणसांच्या घरात अजून दाल आणि रोटी म्हणतात, एवढंच तिने मनात धरलं आणि त्या दिवसापासून सिस्टरना ती आपल्यातलीच मानू लागली. दोघींचे मिळून सामाईक असे तीसेक शब्द असतील. दाल, रोटी, भाजी, बैगन, माँ, आणि बाकी हातवारे. तेवढ्यावर त्या तास तास बोलायच्या.

सिस्टरांकडे डेमी होती. पहिल्यांदा पाहिली तेव्हा आम्हाला तो आपला पोपटच वाटला, जरा मोठा, एवढंच. मग नीट पाहिलं. रंग पोपटीच, पण कपाळावर निळी झाक, चोच काळी, डोळे नारिंगी, आणि चोचीपासून डोळ्यांपर्यंत पिसंच नाहीत, नुसती पांढरी कातडी, चुना लावल्यासारखी. सिस्टर म्हणाल्या, हा पोपट नव्हे, मकाव आहे, मकावांमधला सगळ्यात लहान. मोठे मकाव इम्रानच्या शाळेच्या पुस्तकात होते, हातभर लांब, लाल-निळे. ही त्यांच्या घराण्यातली धाकटी, वीतभर अंगाची आणि तेवढ्याच शेपटीची. खांद्याला पंखाखाली लाल रंग आहे, पण तो उडतानाच दिसतो, असं सिस्टर सांगायच्या, आणि डेमी काही उडत नव्हती, कारण तिचे पंख कापलेले होते. त्या एकदा मासळीच्या बाजाराकडे निघाल्या असताना पाखरांच्या दुकानांवरून गेल्या आणि त्या शेकडो पक्ष्यांच्या कलकलाटात त्यांना हा एक आवाज ऐकू आला. पाय तिथेच थांबले म्हणाल्या. लहानपणी रोज पहाटे ऐकलेला आवाज. मासळी राहिली, पिंजरा घेऊन घरी आल्या, आणि गयानातल्या एका नदीच्या नावावरून तिचं नाव ठेवलं. नऊशे दिरहॅमला घेतली हे ऐकल्यावर अब्बांनी चहाचा कप खाली ठेवला. “नऊशे दिरहॅम म्हणजे झाले आठ हजार रुपये,” ते म्हणाले, “आठ हजारांत गावाला दुभती म्हैस येते.” सिस्टरना मी हे भाषांतर करून सांगितलं नाही.

संध्याकाळी सिस्टर डेमीला बोटावर घेऊन आमच्याकडे यायच्या आणि गावच्या गोष्टी सांगायच्या. मी मध्ये बसून मराठी करायची. त्यांच्या गावाबाहेर ओला माळ होता आणि त्यात ताडामाडांसारखी उंच झाडं. या मकावांचे थवे पहाटे तिथून निघायचे आणि दिवस मावळताना तिथेच परतायचे, सगळा वेळ ओरडत. वठलेल्या झाडाच्या पोकळ बुंध्यात घरटं, आणि मुक्काम शेंड्याला लोंबणाऱ्या वाळक्या झावळ्यांच्या आड. हे ऐकून अम्मी खूश झाली. तिचं माहेर माडांच्या बागेत होतं, त्यामुळे झावळ्यांत राहणारं पाखरू म्हणजे चांगल्या घरचं, असा तिचा हिशेब. सिस्टर आणखी एक सांगायच्या. ही पाखरं उगाच ओरडत नाहीत. एक हाक मारतं, दुसरं उत्तर देतं. उत्तर आलं नाही की ते घाबरतं आणि आणखी मोठ्याने ओरडतं. म्हणून सहा आठवड्यांच्या सुट्टीवर गावी जाताना त्यांनी डेमीला आमच्याकडे ठेवलं तेव्हा एवढंच बजावलं: ओरडली की कुणीतरी उत्तर द्या.

अब्बांनी पिंजरा घरात घेताना बिस्मिल्ला म्हटलं आणि आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की ही अमानत आहे. स्वतःची वस्तू हरवली तर नुकसान होतं, दुसऱ्याची ठेव हरवली तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. अम्मीने पिंजऱ्यापासून चार हात लांब राहून मान डोलावली. तिला त्या चोचीची भीती वाटायची. सहा आठवड्यांत तिने डेमीला एकदाही हात लावला नाही. पपईच्या फोडी सुद्धा लांब दांड्याच्या उलथन्यावर ठेवून आत सारायची. पण उत्तर द्यायचं काम आपोआप तिच्याकडेच आलं, कारण दिवसभर घरी तीच. आणि अम्मीचं उत्तर म्हणजे ओरडा. डेमी हॉलमधून किंचाळायची, अम्मी स्वयंपाकघरातून तिला झापायची, डेमी खूश होऊन पुन्हा किंचाळायची. शाळेतून येताना जिन्यातच मला दोघींचा संवाद ऐकू यायचा. अम्मीने तिला मुलगीच ठरवून टाकलं होतं. एवढं उलट बोलते म्हणजे मुलगीच, असं माझ्याकडे बघून म्हणायची.

त्या काळी आमच्याकडे पत्रं कमी आणि कॅसेटी जास्त. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात माझी खाला, म्हणजे अम्मीची मोठी बहीण, राहायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून अम्मी टू-इन-वनवर कॅसेट भरायची, गावाला जाणाऱ्या कुणाच्या तरी सामानात ती घालायची, खाला ती ऐकायची, आणि मग त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरून परत पाठवायची. एकेक कॅसेट वर्षानुवर्षं ये-जा करायची. कॅसेट भरणं हा मोठा समारंभ असे. एसी बंद, पंखा बंद, इम्रान खाली खेळायला, आणि अम्मी डोक्यावर पदर घेऊन बाहेरच्या आवाजात सुरू करायची: अस्सलामु अलैकुम, आम्ही सर्व इथे खुशाल आहोत, तुमची खुशाली नेक चाहतो. सख्ख्या बहिणीशी बोलताना तिला हा आवाज का लागायचा कोण जाणे. मी विचारलं तर म्हणाली, कॅसेट गावात कोण कोण ऐकतं, घरातल्यासारखं बोलून चालत नाही.

डेमीने तो समारंभ पार उधळून लावला. एसी बंद झाला, घर शांत झालं, अम्मी खुशाल आहोत म्हणाली, की डेमीने किंकाळी फोडलीच. अम्मीने पुसून पुन्हा भरलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी अम्मीचा तोल गेला. “गप बस की गं अवदसे,” ती घरातल्या आवाजात कडाडली, “दोन मिनिटं तोंड मिटलंस तर तुझं काय जाईल? खालाला काय सांगू, इथे बाजार भरलाय म्हणून?” डेमीने उत्तर दिलं. अम्मीने प्रत्युत्तर दिलं. असं चारपाच वेळा झालं आणि मग अम्मीला जे हसू फुटलं ते थांबेचना. पदर तोंडात कोंबून ती हसत होती आणि दारातून डोकावणारा इम्रान सांगत होता, “अम्मी, इट्स स्टिल रेकॉर्डिंग.” त्यानंतर तिने कपाटातली दुसरी कोरी कॅसेट काढली, टू-इन-वन घेऊन बाथरूममध्ये गेली, दार लावलं, आणि तिथे बसून खालासाठी स्वच्छ, खुशाल कॅसेट भरून आणली. बिघडलेली कॅसेट फ्रिजवर ठेवली गेली. ती पुसायची राहिली.

सिस्टर शुक्रवारी संध्याकाळच्या विमानाने येणार होत्या. गुरुवारी अम्मीने पिंजरा घासूनपुसून लख्ख केला. जुमेरातीला, म्हणजे गुरुवारीच, संध्याकाळी मगरिबच्या नमाजाआधी घरात लोबान फिरवायची आमच्याकडे पद्धत. गॅसवर निखारा फुलवायचा, लोखंडी पळीत ठेवायचा, वर लोबानाचे खडे, आणि तो धूर कोपऱ्याकोपऱ्यातून न्यायचा. त्या दिवशी अम्मीच्या मनात आलं, सहा आठवडे बिल्डिंगमधली सगळी पोरं डेमीला बघायला येत होती, तिला कुणाची नजर लागली असेल, आणि नजर लागलेली ठेव परत करायची हे काही बरं नाही. तिने पिंजऱ्याभोवती लोबान तीन वेळा फिरवला. मनात माया होती, दुसरं काही नव्हतं. पण डेमी त्या धुराने गुदमरली. पिसं फुलवून ती जाळीवर आपटू लागली, श्वास घरघरायला लागला. मी घाबरून पिंजऱ्याचं दार उघडलं, तिला हातावर घेतलं आणि गॅलरीत नेलं. पंख तर कापलेले होते. सहा आठवड्यांत कापलेली पिसं गळून नवी पिसं येऊ शकतात, हे आमच्या चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

ती उडाली. पंख उघडले आणि त्यांच्या खालचा लाल रंग मला पहिल्यांदा दिसला. खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला आनंदच झाला. इतकी सुंदर गोष्ट मी त्या गॅलरीतून दुसरी पाहिलेली नाही. मग ती समोरच्या इमारतीच्या टाक्यांवरून पलीकडे गेली, चारी बाजूंनी मगरिबच्या अजाना सुरू झाल्या आणि अंधार पडला. अब्बा आले तेव्हा आम्ही तिघं हॉलमध्ये उघड्या पिंजऱ्याकडे बघत बसलो होतो. ते रागावले नाहीत. बूट न काढताच बसले आणि खिशातले शेंगदाणे बाहेर काढून टेबलावर ठेवले. त्या दिवशी पुलापर्यंत किती संपले ते त्यांनी सांगितलं नाही.

शुक्रवारी पहाटे फजरच्या नमाजानंतर आम्ही शोधायला निघालो. अब्बांचं म्हणणं, पाखरू जातीकडे जाणार, म्हणजे रोल्ल्याच्या मैदानातल्या झाडांवर रानपोपटांचा थवा असतो तिथे. दोन तास आम्ही माना वर करून एकेक पोपट निरखत होतो. शेकडो होते आणि सगळे लाल चोचीचे. इम्रान म्हणाला, “शी इज गॉन, आपा.” मी त्याला गप्प केलं, पण माझ्याही मनात तेच होतं. आणि तेव्हा मला सिस्टरांच्या त्या वाळक्या झावळ्या आठवल्या. ती पोपट नव्हतीच, मग पोपटांकडे का जाईल? रस्त्याकडेच्या खजुरीच्या झावळ्या माळी छाटून टाकायचे. पण खाडीकडे जाताना एक बंद पडलेलं जुनं घर होतं, त्याच्या आवारात पाच-सहा खजुरी बिनछाटलेल्या उभ्या होत्या, शेंड्यापासून खाली वाळक्या झावळ्यांचे झगे घातलेल्या. आम्ही तिथे धावलो, हाका मारल्या. काहीच नाही. आमच्या हाका तिला कुठे माहीत होत्या? ती ज्या आवाजाला उत्तर द्यायची तो आवाज आमच्यात एकच होता.

मी घरी पळत गेले आणि अम्मीला विचारलं, फ्रिजवरची कॅसेट नेऊ का. अम्मी पीठ भिजवत होती. तिचा हात थांबला. “त्यात माझा आवाज आहे,” ती म्हणाली. मला कळलं ती काय म्हणते आहे ते. जी बाई दुकानदाराला अस्तर मागायला लाजते तिचं ओरडणं भर रस्त्यात, शुक्रवारी सकाळी, सगळ्या गावाला ऐकवायचं. तिने हात धुतले, बुरखा घातला आणि टू-इन-वन स्वतः उचललं. “यल्ला, चल,” म्हणाली, “ती भुकेली असेल.”

झाडांखाली अम्मीने बटण दाबलं. आधी तो खुशालीचा आवाज, मग डेमीची किंकाळी, मग अम्मीचं कडाडणं. रस्त्यावरचे लोक थांबले. बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, मलबारी बाहेर आला, एका पठाणाने टॅक्सी बाजूला घेतली. सुट्टीचे धुतलेले शर्ट घालून दोन पोरगेलेसे कामगार खाडीकडे निघाले होते, ते तर जागेवर खिळलेच, कारण आख्ख्या घोळक्यात त्यांनाच शब्द न् शब्द कळत होता. टेपवर अम्मी म्हणाली अवदसे, आणि मधल्या खजुरीच्या शेंड्यातून उत्तर आलं.

मी आयुष्यात त्यानंतर पुष्कळ चांगल्या बातम्या ऐकल्या, लग्नाच्या, नोकरीच्या, मुलांच्या. पण तसा जीव भांड्यात पडलेला मला दुसरा आठवत नाही. झावळ्या हलल्या, एक काळी चोच बाहेर आली. आणि नेमकी तेव्हाच टू-इन-वनच्या सेलांनी मान टाकली. अम्मीचा आवाज आधी जाड झाला, मग लांबला, मग घोगरा होऊन बंद पडला. डेमी पुन्हा आत शिरली. अब्बांनी सेल काढून हातावर चोळून बघितले, पण उपयोग झाला नाही. सगळे अम्मीकडे बघायला लागले. त्या दोन पोरांपैकी एक पुढे आला आणि अदबीने म्हणाला, “मावशी, तुम्हीच बोला की. पाखरू हललं होतं.”

अम्मीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग मान वर केली. “गप बस की गं अवदसे,” ती त्या झाडाकडे बघून ओरडली, आणि शपथेवर सांगते, घरातल्यापेक्षाही मोठ्याने ओरडली. “रात्रभर कुठे होतीस? इथे माणसं उपाशी मरायला आली आणि तू वर बसून मजा बघतेस? तुझी माँ संध्याकाळी आली की मी काय सांगू तिला? ये खाली. खलास, आता ये.” डेमीने उत्तर दिलं. अम्मीने प्रत्युत्तर दिलं. मग ती हिरवी पिसं झावळ्यांतून बाहेर आली, लाल खांदे एकदा उन्हात उघडले, आणि ती सरळ खाली येऊन अम्मीच्या डोक्यावर बसली. अम्मी डोळे घट्ट मिटून उभी राहिली. “नजमा,” ती मला पुन्हा बाहेरच्या आवाजात म्हणाली, “चावेल का गं?” लोकांनी टाळ्या वाजवल्या. पठाण तर एवढा हसत होता की त्याला टॅक्सीला टेकावं लागलं. अम्मी डेमीला डोक्यावर घेऊनच घरी चालत आली, एक हात वर धरून, आणि वाटेत तिने तिला झापणं एक क्षणही थांबवलं नाही.

दुपारी सांदणं झाली. ती दोन पोरंही जेवायला होती, अब्बांनी सोडलंच नाही त्यांना. खेडकडची होती, साइटवर सळ्या बांधायचं काम करायची. त्यातला एक जेवता जेवता म्हणाला, माझी आय पण मला अशीच बोलवायची, आणि मग त्याने खाली मान घालून आणखी दोन सांदणं घेतली. संध्याकाळी सिस्टर आल्या. पाखरू पिंजऱ्यात सुखरूप होतं, गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण अब्बा म्हणाले सांगायचं, आणि अम्मी म्हणाली मी सांगणार. तिने आपल्या तीस शब्दांत सांगितलं. लोबानाचा धूर हाताने दाखवला, पंख दाखवले, खजूर दाखवली, आणि शेवटी ओरडूनही दाखवलं. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, झावळ्यांत बसली होती, खरंच? कुणी शिकवलं तिला? दुकानातून आणली तेव्हा तिने झाड पाहिलेलंही नसेल. आणि त्या अम्मीच्या गळ्यात पडून रडल्या आणि हसल्या. पुढे त्यांची बदली अल ऐनला झाली. डेमीलाही नेलं. ओएसिस आहे तिथे, खजुरीच खजुरी, असं फोनवर सांगायच्या. नंतर फोन कमी झाले, मग बंद झाले. हे मकाव पुष्कळ जगतात म्हणतात. कुठेतरी ती अजून कुणालातरी उलट बोलत असेल, याबद्दल मला काडीची शंका नाही.

आता पन्नाशी उलटली. मी रत्नागिरीत राहते, अब्बा माझ्याजवळ आहेत, शेंगदाणे आता कुटून द्यावे लागतात. अम्मीला जाऊन नऊ वर्षं झाली. ती गेली तेव्हा आम्ही तिच्या आवाजाच्या कॅसेटी शोधल्या. खालाकडे कॅसेटी होत्या, पण अम्मीच्या आवाजाची एकही नव्हती. प्रत्येक कॅसेटवर खालाने आपलं उत्तर भरलं होतं आणि त्यावर पुन्हा अम्मीने, आणि शेवटचं उत्तर खालाचं होतं, म्हणून सगळीकडे खालाच बोलते आहे. अम्मीच्या त्या साऱ्या स्वच्छ, खुशाल कॅसेटी पुसल्या गेल्या. राहिली एकच, फ्रिजवरची, जी सेल संपल्यानंतर टू-इन-वनमध्येच अडकून पडली होती आणि त्याच्यासकट माझ्या सामानात आली. इम्रानने ती मोबाईलवर घालून दिली आहे. कधी दुपारी मी ती गच्चीवर लावते. खुशाली, किंकाळी, अवदसे, इम्रानचं इंग्रजी, आणि मग ते न थांबणारं हसू. समोरच्या माडावरचे पोपट गप्प होऊन ऐकतात. हसू ओसरल्यावर, बटण दाबण्याआधी, अम्मी धापा टाकत मला सांगते, “नजमा, हे उद्या आठवणीने पुसून टाक.”

तिचं एवढं एक काम मी अजून केलेलं नाही.